मदत हवी आहे: शहाबादीवर गवती चहाच्या तेलाचे ठिपके, चमकही गेली

घर लातूरला, फरशी शहाबादी, पाणी बोअरचं. अर्ध्या बादलीत गवती चहाच्या तेलाचे 30 थेंब आणि कपभर व्हिनेगर टाकून पोछा मारतो. पहिल्या खोलीत तेलकट ठिपके, पुढं वाससुद्धा नाही. फरशी पांढुरकी, खरखरीत झालीय. अंगाचा साबण किसून टाकला तर पाणी फाटतं. काय बदलावं? घरात रांगणारं लेकरू आणि मांजर आहे.

प्रतिसाद १
व्हिनेगर आजच बंद करा. शहाबादी म्हणजे चुनखडक. आम्ल लागलं की पॉलिश खाऊन टाकतं. लिंबानंही तेच होतं. ओट्याचा कडप्पाही त्याच जातीचा, तिथंही नको. गेलेली चमक पुसून परत येत नाही, पॉलिशवालाच बोलवावा लागेल.

ठिपक्यांचं कारण वेगळं. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. फडकं बुडवलं की पहिल्याच वेळी सगळं तेल शोषून घेतं. आधी तेल रिठ्याच्या पाण्यात घोळवायचं, मग बादलीत. 15 रिठे बिया काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळा, कुस्करा, गाळा. यातलं अर्धा कप पाणी बाटलीत घ्या, 15-20 थेंब (साधारण 1 मिली) तेल टाका, पांढरट होईस्तोवर हलवा आणि लगेच 5 लिटर पाण्यात ओता. मिश्रण पुन्हा फुटतं, म्हणून मधूनमधून ढवळा. उरलेलं रिठ्याचं पाणी फ्रिजमध्ये ठेवा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बाहेर लगेच आंबतं.

प्रतिसाद २
साबण फाटतो तो पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं. रिठा किंवा भांड्याचं लिक्विड तसं फाटत नाही. नळावरच्या पांढऱ्या क्षारांना मात्र आम्लच लागतं: कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, फडकं भिजवून 10 मिनिटं गुंडाळा, धुवा. खाली शहाबादीवर थेंब पडू देऊ नका. आणि असलं काही ब्लीचसोबत कधीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रतिसाद ३
वरची कृती बरोबर आहे, पण मांजर आहे ना? मग तेल वगळाच. ही तेलं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि ते पंजे चाटतंच. टी ट्री, निलगिरी, संत्र्याच्या सालीचं तेल तर नकोच. लेकराच्या हाती निलगिरीची बाटली लागली तर थोडंसं गिळलेलंही झटके आणू शकतं, कुलपात ठेवा.

तसंही मळ काढतो रिठा, तेलानं फक्त वास येतो. निलगिरी घरात असेलच तर डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा काढायला वापरा: कापसावर दोन थेंब, मिनिटभर थांबून पुसा. स्टील-काचेवरच, प्लॅस्टिकवर नको. आणि गॅसपासून लांब, पेट घेतं.