वाटा बंद करणारे लोक रिकामटेकडे असतात का?

खारावारा:
परवा एकांनी लिहिलं, "समुद्रकाठच्या उद्यानांत ट्रेल कमी आणि दोऱ्या-पाट्या जास्त. राखणदारांना उद्योग नाही, म्हणून वाटा बंद करत सुटलेत." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

लाटा कड्याचा पायथा पोखरतात. वरून जमीन ठणठणीत दिसते, खाली पोकळ असते. वाट आत सरकवण्याला पर्याय नसतो. इंग्लंडच्या किनारी वाटेसाठी 2009 च्या कायद्यातच ती सोय आहे. दुसरं, पाणी. सरळ उतरणारी वाट पावसात ओढा होते आणि बघता बघता तिची घळ. म्हणून वाटेला आडवे तिरपे चर काढतात. त्यांत पाचोळा अडकला की पाणी पुन्हा वाटेवर. तो पाचोळा उपसणारा माणूस तुम्हाला दिसत नाही, कारण भर पावसात तो तिथे असतो आणि तुम्ही घरी!

मोकाटपाय:
ते परवाचं मीच लिहिलंय, नाव घ्यायला लाजू नका. चर-बिर ठीक. "तात्पुरती बंद" ही पाटी गंजून पडेपर्यंत वाट बंद पाहिली आहे मी. दुरुस्तीपेक्षा पाटी स्वस्त, इतकं साधं आहे.

भटकभवानी:
पाट्या राहू द्या हो. मोकळी सोडलेली कुत्री हा खरा ताप आहे. चिखल्या पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो, ती खड्यांसारखीच दिसतात. कुत्रं आलं की पक्षी उठतो, अंडी उन्हात तापतात. कुत्र्याने तोंड लावायचीही गरज नाही.

शेरूचा बाबा:
आलं का कुत्र्यांवर! आमचा शेरू पक्ष्यांकडे बघतही नाही. ड्रोन उडवणारे, स्पीकर लावून चालणारे, दगडांच्या उतरंडी रचणारे, ते सगळे संत?

भटकभवानी:
शेरू बघत नाही, पक्षी बघतो ना शेरूकडे! कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा स्नोई प्लोव्हर, म्हणजे चिखल्याचाच भाऊबंद, 1993 पासून संकटग्रस्त यादीत आहे, विणीच्या काळात तिथे दोऱ्या लावतात. मी तशाच एका दोरीपाशी उभी होते. एक गृहस्थ ती उचलून कुत्र्यासकट आत गेले आणि वर मलाच म्हणाले, "इथे तर काहीच नाहीये." काही दिसू नये म्हणूनच अंडी तशी असतात, महाराज.

शेरूचा बाबा:
तो मी नव्हे. विणीपुरता पट्टा लावू, खूश? पण बाराही महिने बंदी म्हणजे दादागिरी.

भटकभवानी:
बारा महिने कोण म्हणालं? वाचत चला जरा.

खारावारा:
मोकाटपाय, पाटीवर कारण आणि तारीख हवी, हे मान्य. पण दुरुस्तीला माणसं लागतात. कॅनडाच्या 75 किलोमीटरच्या वेस्ट कोस्ट ट्रेलवर शिड्या आहेत, फळ्यांचे रस्ते आहेत. त्यांची निगा राखण्यात तिथल्या मूळ रहिवासी समाजांचे गार्डियन, म्हणजे राखणदार, असतात, आणि हिवाळ्यात ट्रेल सरळ बंद. दक्षिण आफ्रिकेच्या ऑटर ट्रेलवर दिवसाला 12 जणच सोडतात. तेही रिकामटेकडे का?

मोकाटपाय:
12 जण! म्हणजे आधी आरक्षण करा आणि मग निसर्ग बघा. धन्य. राखणदार कामं करतात हे घेतलं मागे, झालं समाधान? पाटीचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही. आणि धागा वाटेचा होता, शेरूचा नव्हे. बाकी चालू द्या.

शेरूचा बाबा:
शेरूचं नाव पुन्हा काढलंत तुम्हीच.