चालू कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रोसेसरची सूचना बदलली की मशीन का पडतं?

प्रश्न (बाणेर): लिनक्स, एक्स८६ प्रोसेसर. मॉड्यूलमधून (कर्नलला वरून जोडलेल्या कोडमधून) एका फंक्शनच्या सुरुवातीच्या नॉपवर (काहीच न करणाऱ्या सूचनेवर) पाच बाइटचा जंप (दुसरीकडे उडी मारणारी सूचना) लिहितोय, डब्ल्यूपी बिट (मेमरीचं लेखन-संरक्षण) बंद करून. एका कोअरवर चालतं, आठवर मधूनच ऊप्स (कर्नलची गंभीर चूक) येतो.

उत्तर (कोथरूड): डब्ल्यूपी बंद केल्याने फक्त लिहिता येतं, बाकीच्या कोअरना काही कळत नाही. दुसरा कोअर नेमके तेच बाइट आणत असेल तर त्याच्या हाती अर्धी जुनी, अर्धी नवी सूचना पडते. कर्नल स्वतः आधी पहिल्या बाइटवर आयएनटी३ (एका बाइटची ब्रेकपॉइंट सूचना, हेक्समध्ये सीसी) ठेवतो आणि आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवून सगळे कोअर सिंक करतो. मग उरलेले चार बाइट, पुन्हा सिंक; शेवटी पहिला बाइट ई९ (जंपचा कोड), परत सिंक. दरम्यान कोणी तिथे पोचलाच, तर ब्रेकपॉइंट हँडलर (आयएनटी३ लागल्यावर चालणारा कोड) त्याला थेट जंप जिथे नेणार तिथे नेतो.

प्रश्नकर्ता: नॉप एकेका बाइटचे पाच आहेत. चालेल?

उत्तर (औंध): मुळीच नाही! त्यांच्या मध्येच थांबवलेला थ्रेड परतला की जंपच्या पोटात उतरेल. पाच बाइटचा एकच नॉप हवा: ०एफ १एफ ४४ ०० ००.

कोथरूड: आणि हे हाताने करूच नका. टेक्स्ट_पोक (कर्नलचं कोड बदलणारं फंक्शन) मॉड्यूलला मिळत नाही. स्वतःच्या कोडसाठी स्टॅटिक की (नॉप आणि जंप यांत अदलाबदल करणारी कर्नलची सोय), दुसऱ्याच्या फंक्शनसाठी एफट्रेस (फंक्शनच्या सुरुवातीला आपला कोड जोडणारी सोय). स्टॅटिक की बदलताना म्यूटेक्स (ज्यासाठी थांबून राहावं लागू शकतं असं कुलूप) लागतो, त्यामुळे इंटरप्ट हँडलरमधून नको; तिथे थांबता येत नाही.