मदत हवी आहे: नदीत मासे दिसतात, गळाला एकही लागत नाही

काठावरचा_पाटील
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. घराजवळच्या नदीवर सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन गळ टाकतोय. पाणी संथ, काठाने छान पायवाट, मासे उड्या मारताना दिसतात आणि दोऱ्याला बांधलेला आमचा तरंगता फ्लोट ढिम्म. पलीकडे बसलेला म्हातारा एकामागून एक काढतो. त्याला विचारलं तर हवामानावर बोलतो. लहानपणी कृष्णेत मासे धरलेत, म्हणजे अगदीच नवखा नाही. रॉड-रीळ महागातलं आहे. काय अडतंय? रविवारच्या आत उत्तर हवंय, पोरगं कंटाळलंय. ‘संयम ठेवा’ हे कृपया कोणी लिहू नये.

बोया
कुठली नदी? कुठला देश? आमिष काय, गळ कितीचा, वेळ कुठली? रॉड महागातला आहे एवढंच कळलं.

उजनीकर
कणकेत चिमूटभर हिंग आणि शेंगदाण्याची पेंड घाला. चिलापी तर नुसत्या गांडुळावर येते. आमच्याकडे कधी हात हलवत परत यावं लागत नाही.

काठावरचा_पाटील
टेम्स. रेडिंगहून सॉनिंगकडे जाताना. चिलापी कुठून येणार इथे? ब्रेडच वापरतो, मळून घट्ट गोळ्या करून. दुपारी जेवण झाल्यावर जातो.

चिऊताई_यूके
आधी कागदपत्रं. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी खात्याचं रॉड लायसन्स, म्हणजे गळ टाकायचा परवाना, काढलाय ना? मुलगा केवढा आहे? 13 ते 16 वयाच्या मुलांना लायसन्स फुकट मिळतं, पण काढावं लागतंच. विनालायसन्स सापडलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. आणि लायसन्स असलं म्हणून कुठेही बसता येतं असं नाही. त्या पट्ट्यात बराच काठ क्लबांकडे किंवा खासगी मालकीचा असतो. पाटी वाचा, डे तिकीट लागत असेल तर घ्या.

काठावरचा_पाटील
माझं आहे. मुलगा तेरा पूर्ण. त्याचं आजच काढतो. पण मासे काही लायसन्स बघून येत नाहीत ना. मूळ प्रश्नाचं बोला.

गरवणारा
मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. जुलैची भर दुपार म्हणजे पात्राच्या मधोमध बोटींची रांग. पहाटे किंवा बोटी थांबल्यावर संध्याकाळी बसा. आणि गळ मधोमध फेकत असाल तर तो बोटींचा रस्ता आहे. रोच आणि पर्च हे इथले मासे काठालगत सापडतात: लव्हाळ्याच्या कडेला, झुकलेल्या विलोखाली, जिथे तळ एकदम खोल जातो तिथे. म्हातारा गळ कुठे टाकतो ते बघितलंत का?

काठावरचा_पाटील
पायापासून दोन-तीन मीटरवर. मला वाटलं लांब फेकायचा जोर नसेल त्याच्यात.

गरवणारा
😀 त्याला तळ माहीत आहे. तुम्ही खोली मोजता का? गळाला वजन लावून सोडायचं आणि फ्लोटचं टोक जेमतेम दिसेपर्यंत सरकवत जायचं. संथ पाण्यात ब्रीम मासा तळाशी चरतो. तुमची गोळी अधांतरी लोंबत असेल तर तो वर बघायचा नाही. खोली कळली की वीतभर दोरा जादा ठेवा, आमिष तळाला टेकू दे. गळ कितीचा?

काठावरचा_पाटील
सहा नंबर. घट्ट धरावा म्हणून मोठा घेतला. शिशाचे मणी सांगलीहून आणलेत, फ्लोट नीट उभा राहतो त्याने.

बोया
शिसं काढा आधी! 0.06 ग्रॅमपेक्षा जड आणि 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं इथे चालत नाहीत. हंस तळातले मणी खडे समजून गिळायचे आणि विषबाधेने मरायचे, म्हणून 1987 पासून बंदी आहे. बिनशिशाचे मणी मासेमारीच्या कुठल्याही दुकानात मिळतात.
आणि गळाचा नंबर वाढतो तसा आकार लहान होतो. रोचसाठी 16 किंवा 18 घ्या, दोरा तीन पौंडी. माझं विचाराल तर फ्लोट सोडाच. फीडर लावा. छोट्या पिंजरीत चारा भरून तळाशी टाकायचा, रॉडचं टोक थरथरलं की ओढायचं. टेम्सच्या ब्रीमला दुसरं काही नको.

गरवणारा
फ्लोट का सोडायचा? तेरा वर्षांच्या पोराला टोकाकडे बघत बसवलं तर दहा मिनिटांत मोबाइल काढेल. फ्लोट बुडण्यात जी गंमत आहे ती फीडरला नाही.

बोया
गंमत वेगळी, मासा वेगळा. त्यांना मासा हवाय.

सुकट_बोंबील
मुख्य प्रश्न राहिलाच. लागल्यावर करायचं काय? रोचला काटे फार. खसखशीत वाटणाचा रस्सा केला तर बहुधा चालेल. बाकी तळणे उत्तम.

चिऊताई_यूके
अहो थांबा! रोच, ब्रीम, पर्च यांसारखे 20 सेंटिमीटरपर्यंतचे मिळून दिवसाला 15 छोटे मासे आणि 65 सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक, यांतलं एवढंच नदीतून नेता येतं. तेही काठाच्या मालकाची परवानगी असेल तर. इथले लोक मासा सोडूनच देतात. नेताना कोणी बघितलं तर वाईट दिसतं.

सुकट_बोंबील
धरून सोडायचा तर धरायचा कशाला? बिचाऱ्याच्या ओठाला भोक.

शाकाहारी_पण_प्रेमळ
+१. त्यापेक्षा दुर्बीण घेऊन पक्षी बघा. खंड्या दिसतो तिथे.

सायकलवाला_काका
या मंडळींनी ते लांबलचक पोल पायवाटेवर आडवे टाकू नयेत एवढीच विनंती. टोपाथ सगळ्यांचा आहे. घंटी वाजवली तर उलट आपल्यालाच डोळे दाखवतात.

बोया
घंटी वाजवून वेग कमी करत नाही कोणी, हेही लिहा की. बाय द वे पाटील, डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे बसू नका, कार्बन रॉडमधून वीज वाहते.

काठावरचा_पाटील
तारा नाहीत, सायकलवाले आहेत. ब्रेड चालेल की नाही ते सांगा.

गरवणारा
ब्रेड उत्तम, मळू मात्र नका. ताज्या पावाचा आतला पांढरा भाग घ्या, गळाच्या दांडीभोवती चिमटीत दाबा, बाकीचा मोकळा फुललेला राहू दे. मळलेला गोळा दगडासारखा होतो आणि गळाचं टोक त्यातच रुतून बसतं. चब आणि ब्रीमसाठी अशा पावाच्या तुकड्याला 10-12 चा गळ पुरे. रोच हवा असेल तर अळ्या घ्या. पाइंटच्या मापाने मिळतात. गळाला एक-दोन, आणि दर वेळी गळ टाकताना फ्लोटच्या आसपास दहा-बारा मोकळ्या. सगळ्या एकदम ओतल्या तर मासे पोट भरून निघून जातात. उरलेल्या थंड जागी ठेवा, उबेत त्यांचे कोष होतात.

काठावरचा_पाटील
थंड जागी म्हणजे फ्रिजमध्ये? घरी चतुर्थीचा उपास चालू असतो, मला बाहेर काढतील.

चिऊताई_यूके
शेडमध्ये ठेवा. आणि काठावर जेवणाचा डबा उघडण्याआधी हात धुवा, जेल ठेवा, हाताला जखम असेल तर झाका. पावसाळ्यात मुंबईत लेप्टोची भीती असते ना, तोच आजार इथे उंदरांच्या मुतामुळे नदीकाठी होतो. वाइल्स डिसीझ म्हणतात त्याच्या गंभीर प्रकाराला.

उजनीकर
एवढी कटकट असेल तर मे महिन्यात जायचं. तेव्हा बोटी कमी असतील.

बोया
मे महिन्यात नदीवर बंदी असते, दादा. 15 मार्च ते 15 जून. मासे तेव्हा अंडी घालतात. 16 जूनला नद्या उघडतात. बहुतेक तळ्यांना आणि कॅनॉलना ती बंदी लागू नाही, पण केनेट नदी आणि कॅनॉल जिथे एकाच पात्रातून वाहतात तिथे ती लागू होते, तेव्हा तिकडे जाण्याआधी खात्री करा.

काठावरचा_पाटील
ठीक. रविवारी पहाटे पाचला जातो, काठाजवळ, अठराचा गळ, अळ्या. फ्लोटच लावतो, फीडर नाही. मुलाला उठवायची युक्ती असेल तर सांगा.

बोया
फीडर दुसऱ्या रॉडला लावा. लायसन्समध्ये दोन रॉड चालतात.

शाकाहारी_पण_प्रेमळ
पाचला पक्षीही जास्त दिसतात.

गोधडी
रेडिंगचा विषय निघालाच आहे तर, स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घर भाड्याने कोणाच्या माहितीत आहे का?