मदत हवी आहे: फळा अन् व्हिडिओ, दोन्हीचा मेळ कसा घालू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो. बेंडिंग मोमेंटची (भारामुळं तुळईला वाकवणाऱ्या परिणामाची) आकृती खडूनं टप्प्याटप्प्यानं काढली की पोरांना कळते. स्लाइड दाखवली की नुसत्या माना डोलतात. मग समान भाराच्या, दोन टोकांवर टेकलेल्या साध्या तुळईच्या सर्वांत जास्त बेंडिंग मोमेंटचं सूत्र, डब्ल्यूएल वर्ग भागिले 8 (डब्ल्यू म्हणजे दर मीटरचा भार, एल म्हणजे लांबी), पाठ, पण तो 8 आला कुठून, हे कोणालाच सांगता येत नाही!

म्हणून व्हिडिओ घरी पाहा, गणितं वर्गात, असं ठरवलं. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे मोफत ऑनलाइन व्हिडिओ) तास उत्तम, पण इंग्रजी भरभर जाते, अन् खेड्यावर रेंज कुठं? (लाइनही जाते, ते वेगळंच.)

कोणी मराठीत दहा मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड केलेत का? ऑफलाइन कसे वाटता? अन् व्हर्च्युअल लॅब (संगणकावरची प्रयोगशाळा) आधी दाखवावी, की यूटीएमवर (सळई ताणून तपासायच्या यंत्रावर) सळई तुटलेली पाहिल्यावर?