सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमासाठी गाणी निवडताना कोणता आवाज निवडावा?

प्रश्न (सदाशिव पेठ)

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात आमच्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे. सकाळी शांत आणि जेवणे झाल्यावर संध्याकाळी घरच्या मंडळींपुरता त्यांच्या आवडत्या गाण्यांचा तासभराचा कार्यक्रम करावा आणि प्रत्येक गाण्याआधी त्याच्याशी निगडित आठवण कोणीतरी सांगावी, असे आम्ही ठरवले आहे.

त्यांच्या यादीत पहिले नाव गीतरामायणाचे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. वाड्यात रेडिओ एकच आणि तोही मालकांच्या माजघरात. गीताच्या वेळी त्याला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई आणि एरवी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकणाऱ्या भाडेकरू बायका पदर सावरून भिंतीशी बसत. सासूबाईंच्या आई त्यांतल्याच एक. त्यांना 'निरोप कसला माझा घेता, जेथे राघव तेथे सीता' हे गीत इतके भावले होते, की पुढे कित्येक वर्षे तांदूळ निवडताना त्या तेच गुणगुणत असत.

प्रसारणात हे गीत माणिक वर्मा यांनी गायले होते. पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये मात्र सगळी ५६ गीते बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्याच आवाजात आहेत आणि आमच्या घरी तोच संच आहे. बाबूजींचे गाणे सासूबाईंना अत्यंत प्रिय आहे; पण हे गीत लागले की 'छान आहे, पण ते हे नव्हे,' असे त्या हमखास म्हणतात. अशा वेळी स्वच्छ, सुश्राव्य ध्वनिमुद्रण लावावे, की मूळ प्रसारणातले मिळवण्याची खटपट करावी? आपल्यापैकी कोणी असा कार्यक्रम केला असल्यास अनुभव सांगावा.

उत्तर १ (कर्वेनगर)

खटपट अवश्य करावी, असे माझे मत आहे. ते ध्वनिमुद्रण खरखरीत निघाले तरी संकोच बाळगू नये.

माझे वडील सवाई गंधर्व महोत्सवाचे जुने श्रोते होते. रमणबागेच्या पटांगणात रात्रभर मैफली चालत त्या काळी ते मलाही सोबत नेत. शेवटच्या पहाटे भीमसेनजींचे गाणे संपले, की त्यांच्या गुरूंचे, रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे, जुने ध्वनिमुद्रण लावले जाई. घोंगड्या-सतरंज्या गुंडाळून निघालेली माणसे होती तिथेच थांबत. रामभाऊ १९५२ साली गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू झाला, हे वडील मला दर वर्षी नव्याने सांगत, आणि मीही दर वर्षी नव्याने ऐकत असे. ते थकल्यावर मी त्याच ध्वनिमुद्रणाची खरखर काढून टाकलेली प्रत त्यांना घरी ऐकवली. त्यांनी ती आदराने, पूर्ण ऐकली आणि मग विचारले, 'आपल्याकडे ती जुनी नाही का?' त्या खरखरीसकटच ते गाणे त्यांच्या मनात वसले होते आणि पटांगणातली थंडी, शेजारच्या अनोळखी माणसाने दिलेला चहा, अप्पा बळवंत चौकातून घरी चालत येणे, हे सारे त्याला चिकटलेले होते. आपल्या सासूबाई 'ते हे नव्हे' म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचे असावे.

उत्तर २ (एरंडवणे)

वरील उत्तराशी मी निम्मा सहमत आहे. प्रश्न पुन्हा वाचल्यावर मला असे वाटते, की सासूबाईंच्या आठवणीतला आवाज माणिक वर्मांचा तर आहेच, पण त्याहून अधिक तो त्यांच्या आईचा आहे.

माझी आजी 'आधी बीज एकले' रोज देवापुढे म्हणत असे. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटासाठी ते शांताराम आठवले यांनी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली; आमच्या घरी मात्र, इतर असंख्य घरांप्रमाणे, तो तुकोबांचाच अभंग मानला जाई. चित्रपटातले गाणे मी पुढे ऐकले. ते थोर आहे, यात शंका नाही. पण माझ्यासाठी मूळ गाणे आजीचेच, कारण दुसऱ्या ओळीवर दम लागून ती जिथे थांबत असे तिथे मी आजही थांबतो. म्हणून सुचवतो, की ध्वनिमुद्रण शोधाच, पण हे एक गीत घरातल्या कोणीतरी साथसंगतीशिवाय म्हणावे.

प्रश्नकर्तीकडून

हा विचार आम्हाला सुचला नव्हता. माझ्या धाकट्या नणंदेने आजीच्या मांडीवर बसून हे गीत ऐकलेले आहे आणि तिचा गळाही बरा आहे. तिला आजच विचारते.

उत्तर ३ (कोथरूड)

कृपया एक गोष्ट आधी करावी. यादी पक्की करण्यापूर्वी ती सासूबाईंना वाचून दाखवा आणि कोणते गाणे नको, हेही विचारा. मंगेश पाडगावकर आणि श्रीनिवास खळे यांचे 'शुक्रतारा मंद वारा' हे माझ्या आईवडिलांचे लाडके गाणे. अरुण दाते यांच्या ओळी बाबा म्हणत आणि सुधा मल्होत्रा यांच्या ओळी आई. बाबा गेल्यानंतर एका घरगुती समारंभात आम्ही ते मोठ्या हौसेने लावले, तेव्हा आई काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली. तिला ते गाणे आजही प्रिय आहे, पण चारचौघांत ऐकायचे नसते. एकटी असताना ती ते स्वतः लावते. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात अशी दोन-चार गाणी असणारच, आणि ती कोणती हे केवळ त्याच सांगू शकतील. त्या दिवशी अनपेक्षित भेट म्हणून काही द्यायचे असेल तर ती नणंदबाईंच्या गाण्याची असू द्या. बाकी सारे त्यांना आधी ठाऊक असलेले बरे.