उन्हाळ्यात उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक जाम

प्रश्न: चंद्रपूरला पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपासून उभी असलेली मोटारसायकल आता बाहेर काढली, तर पुढचे चाक हाताने फिरत नाही आणि ब्रेक लिव्हर जेमतेम दाबला जातो, पहाटेच्या गारव्यात मात्र चाक थोडे सैल होते. कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलावा लागेल का?

उत्तर १: घाई करू नका. कॅलिपरवरच्या ब्लीडर स्क्रूला (ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) नळी लावून तो किंचित सैल करा. चाक लगेच मोकळे झाले, तर कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) अडकलेला नसून ब्रेक ऑइलचा दाब कोंडलेला आहे. मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) टाकीच्या तळाशी सुईही जेमतेम जाईल असे छिद्र असते. त्यात जुन्या ऑइलचा साका बसला, की उन्हाने प्रसरण पावलेले ऑइल टाकीत परतू शकत नाही आणि पॅड डिस्कला घट्ट धरून ठेवतात. पहाटे चाक सैल होते, त्यावरून मला हीच शक्यता अधिक वाटते.

उत्तर २: सहमत. तरीही चाक सुटले नाही, तर पिस्टन गंजला असावा. साफ करताना रबरी सीलला पेट्रोल मुळीच लावू नका, सील फुगते. डॉट ४ या प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असलेला त्याचा उत्कलनबिंदू ओलावा मुरल्यावर १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

प्रश्नकर्ता: स्क्रू सैल करताच चाक फिरले. छिद्र साफ करून नवे ऑइल भरेपर्यंत गाडी रस्त्यावर नेणार नाही.