परदेशातील वाढदिवसाची संध्याकाळ

प्रश्न: सोलापूर सोडून म्युनिकला आल्यानंतरचा यजमानांचा हा पहिलाच वाढदिवस असून तो नेमका संक्रांतीच्या सुमारास येतो. सोलापुरात असताना त्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला सारे घर एकत्र जात असे; इथे मात्र पाच वाजण्यापूर्वीच अंधार पडतो. चार जर्मन सहकाऱ्यांसह बाहेर जेवायला जावे, असे मनात आहे. बिल कोणी द्यायचे, आणि सासूबाईंना कसे सामील करून घ्यायचे?

उत्तर (बर्लिनहून): जर्मनीत ज्याचा वाढदिवस असतो, तोच बहुधा सर्वांना जेवू घालतो. बोलावताना ‘आइनलाडन’ (आमंत्रण देणे) हे क्रियापद वापरले, की खर्च तुमचाच असे गृहीत धरले जाते. शुभेच्छा आदल्या दिवशी देणे इथे अशुभ मानतात, म्हणून सहकारी गप्प राहिले तर वाईट वाटून घेऊ नये.

उत्तर (सोलापूरहून): हिवाळ्यात तुमचे घड्याळ आमच्यापेक्षा साडेचार तास मागे असते, तुम्ही सातला जेवायला बसाल, तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले असतील. म्हणून औक्षण निघण्यापूर्वी, चारच्या सुमारास घरीच करावे. माझ्या मुलाने मागच्या वर्षी फोन डब्याला टेकवून ठेवला, सुनेने निरांजन ओवाळले आणि मी इथून पडद्यावर अक्षता टाकल्या. त्या अक्षता मी अजून देवघरात जपून ठेवल्या आहेत.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. चारची वेळ सासूबाईंना आजच कळवते.